खानदेशात म्हाताऱ्या माणसांसाठी भाड्याचं घर शोधताना

जळगाव, धुळे, भुसावळच्या कॉलन्यांमधून फिरलात तर ‘वरचा मजला भाड्याने देणे आहे’, ‘फक्त फॅमिलीसाठी’, ‘नोकरदारांना प्राधान्य’ अशा पाट्या फाटकांवर आणि विजेच्या खांबांवर दिसतील. खास ज्येष्ठांसाठी बांधलेले, जेवणाची आणि डॉक्टरांची सोय असलेले प्रकल्प पुण्याकडे उभे राहिलेत. इकडे भाड्याने घ्यायला तसं सहसा काही मिळत नाही. त्यामुळे यावल-रावेरकडून जळगावात येणारं शेतकरी जोडपं असो, साक्रीहून धुळ्याला येणारे निवृत्त गुरुजी असोत, की मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये जीव न रमल्याने परत फिरलेले आजी-आजोबा, सगळ्यांना साध्याच घरांतून आपल्या वयाला झेपेल असं घर निवडावं लागतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या सगळ्या हिशेबात भाडं हा सगळ्यात सोपा आकडा आहे. घर महाग पडतं किंवा स्वस्त पडतं ते जिन्यामुळे, पाण्यामुळे आणि उन्हाळ्यामुळे. या तीन गोष्टी आधी बघा, भाड्याची घासाघीस नंतर करा.

आधी दवाखाना, मग गाव, मग कॉलनी

बहुतेक लोक उलटं करतात. ओळखीच्या कॉलनीत घर घेतात आणि मग दवाखाना किती लांब ते कळतं. तुम्ही आधी एका कागदावर लिहा: कोणाला काय आजार, महिन्यातून किती वेळा कुठे जावं लागतं, औषधं कुठून येतात. डायलिसिस, हृदयाची तपासणी, डोळ्यांचं काम असं काही चालू असेल तर घर त्या दवाखान्याच्या आसपासच शोधायचं.

भुसावळचा विचार रेल्वेच्या पेन्शनरांनी सगळ्यात आधी करावा. विभागीय रेल्वे रुग्णालय तिथेच आहे आणि रेल्वेचं वैद्यकीय कार्ड असेल तर दुसऱ्या गावी राहून दर वेळी गाडी पकडण्यात अर्थ नाही. जामनेर रोडच्या बाजूला वस्ती बरीच वाढली आहे आणि तिथे बैठी घरं अजून मिळतात. मात्र भुसावळचा उन्हाळा अंगावर येणारा. पारा ४५च्या पुढे जाणं तिथे बातमी राहिलेली नाही.

जळगावात खासगी दवाखाने भरपूर आणि २०१८पासून सिव्हिल हॉस्पिटलचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. इथे प्रश्न वेगळा: घर शहरातून जाणाऱ्या महामार्गाच्या अलीकडे की पलीकडे? महाबळ, रामानंदनगर, मेहरूण हे भाग महामार्गाच्या दक्षिणेला. सिव्हिल, स्टेशन, फुले मार्केट उत्तरेला. गणेश कॉलनी, रिंग रोडचा भाग बाजाराच्या बाजूला. सत्तरीच्या माणसाने महामार्गावरचा आकाशवाणी चौक किंवा इच्छादेवी चौक पायी ओलांडायचा म्हणजे काय, हे एकदा संध्याकाळी सहा वाजता उभं राहून बघा. दुसरीकडे, मेहरूणच्या बाजूला तलावावर सकाळचं फिरणं आहे. ज्यांना डॉक्टरने रोज चालायला सांगितलंय त्यांच्यासाठी ती छोटी गोष्ट नव्हे. शिवाजीनगर रेल्वेलाइनच्या पलीकडे, म्हणून तिकडच्या घराच्या बाबतीत पुलावरून रिक्षा कुठून कुठे जाते तेही विचारून घ्यायचं.

धुळ्यात पांझरा नदीच्या पलीकडचं देवपूर आणि त्याला लागून वाढलेली वलवाडी इकडे निवृत्त लोकांची वस्ती बरीच. शिक्षक, प्राध्यापक, महसूल खात्यातले लोक. शेजार मिळतो, वाचनालयं-मंदिरं आहेत. पण भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय चक्करबर्डीला, गावाच्या दुसऱ्या टोकाला. वारंवार तिथेच जावं लागणार असेल तर रिक्षाचा खर्च आधी मांडा.

अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, नंदुरबार या गावांत भाडं कमी पडतं आणि माणसं ओळखीची भेटतात. मोठ्या दवाखान्याची वारंवार गरज नसेल तर मी तर म्हणेन जिल्ह्याच्या गावाचा हट्टच धरू नका.

तळमजला मिळवायचा कसा

इथे थोडं थांबून सांगतो, कारण सगळं घोडं इथेच अडतं.

खानदेशात भाड्याने मिळतो तो बहुतेक वरचा मजला. मालक स्वतः खाली राहतो, बाहेरून लोखंडी जिना काढतो आणि वर दोन खोल्या भाड्याने देतो. त्या जिन्याच्या पायऱ्या अरुंद, मे महिन्यात हात लावायची सोय नाही आणि पावसात निसरड्या. गुडघे धरलेल्या माणसाला तो जिना दिवसातून एकदा उतरायचा म्हटला तरी नको होतं, मग माणूस घरातच बसून राहतो. अपार्टमेंटमध्ये तीन मजल्यांच्या कितीतरी इमारती बिनलिफ्टच्या. जिथे लिफ्ट आहे तिथे ती चालू आहे का, मेंटेनन्स कोण भरतं आणि लाइट गेल्यावर ती मध्येच अडकते की जवळच्या मजल्यावर येऊन उघडते, हे वॉचमनला विचारा. मालक ‘लिफ्ट आहे ना’ एवढंच सांगेल.

तळमजल्याची घरं पाटीवर फारशी येत नाहीत. ती असतात बंद बंगल्यांत. ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशात गेली, आई-वडील वारले किंवा मुलांकडे गेले, त्यांचे बंगले आणि रो हाऊस कुलूप लावून पडलेले असतात. मालकाला भाड्यापेक्षा घर राखणारं माणूस हवं असतं. झाडाला पाणी घालणारं, वीजबिल भरणारं, घर हडपणार नाही याची खात्री देणारं. साठी उलटलेलं शांत जोडपं त्याला कॉलेजच्या पोरांपेक्षा शंभर पटीने परवडतं. हे तुमचं वजन आहे, ते वापरा.

अशी घरं शोधायला कॉलनीत सकाळी आठच्या सुमारास जा. दूधवाला, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचा किराणा, मेडिकलवाला यांना कोणतं घर किती दिवस बंद आहे आणि किल्ली कोणाकडे असते हे सगळं ठाऊक असतं. ‘दादा, आमच्या आबांसाठी खालचं घर बघतोय, दोघंच जण आहेत’ एवढं म्हटलं तरी पुरतं. ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक कुठल्या मंदिरात किंवा बागेत भरते ते शोधा आणि तिथे जाऊन बसा. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती अजूनही कामाच्या आहेत. मोबाइलवरच्या साइट्सही बघा, पण एक गोष्ट पक्की ठेवा: घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि मालकाला भेटल्याशिवाय टोकन म्हणून एक रुपयाही पाठवायचा नाही. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली, क्यूआर कोड पाठवतो’ असं सांगणारा माणूस हमखास फसवणारा असतो.

एजंट घेतलात तर त्याची दलाली आधी ठरवा: एका महिन्याचं भाडं की अर्ध्या, आणि अकरा महिन्यांनी करार वाढवताना तो पुन्हा मागणार का. ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्याबरोबर घर बघायला जाऊ नका.

घरं रिकामी होतात ती एप्रिल ते जून. शाळा संपतात, बँका आणि सरकारी खात्यांत बदल्या होतात. गावाकडे सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं) सालही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं-सुरू होतं, म्हणून शेतावरून शहरात येणाऱ्या घरांनाही तोच मुहूर्त सोयीचा पडतो. उन्हाचं कारण सांगून दिवाळीनंतर घर शोधू नका. डिसेंबरात खानदेशातलं कुठलंही घर गार वाटतं.

घर बघायला दुपारी तीनला जा

मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, पंखा बंद करून पाच मिनिटं बसा. वर थेट गच्चीचा स्लॅब असेल तर रात्री अकरापर्यंत तो उष्णता खाली सोडत राहतो. पश्चिमेची भिंत उघडी असेल, समोर झाड किंवा शेजारची इमारत नसेल, तर ती खोली झोपायला घेऊ नका. म्हणून सगळ्यात वरचा मजला, भाडं कितीही कमी असलं तरी, म्हाताऱ्या माणसांसाठी मी नाकारतो. मालक ‘चुना मारून देतो’ म्हणतील. चुन्याने फरक पडतो, पण त्या भरवशावर पंच्याहत्तरीच्या माणसाचा उन्हाळा काढायचा नाही.

कूलर ठेवायला खिडकी आहे का बघा. खिडकीबाहेर कूलरचं स्टँड बसेल का, मालक बसवू देईल का, आणि समोरच्या बाजूने हवा बाहेर जायला दुसरी खिडकी किंवा दार आहे का? ही दुसरी वाट नसेल तर कूलर खोलीत फक्त दमटपणा भरतो. आणि कूलरला पाणी लागतं, भर उन्हाळ्यात मोठा कूलर दिवसाला दोन-चार बादल्या सहज पितो. ते पाणी कोण ओतणार? बाहेर ठेवलेल्या कूलरला नळाची पाइप जोडता येत असेल तर ते काम आबांच्या खांद्यावरून उतरतं.

पाण्याचं वेगळं बघायचं. जळगावला पाणी वाघूर धरणातून येतं, धुळ्याला तापी योजना आणि नकाणे तलावासारख्या ठिकाणांहून. पण धरण भरलेलं असलं तरी नळ रोज येतो असं नाही. बऱ्याच भागांत एक-दोन दिवसांआड, कुठे त्याहूनही उशिरा. तुमचे प्रश्न असे असू द्या:

- पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता येतं? पहाटे चारला येत असेल तर कोण उठणार?
- जमिनीतली टाकी किती मोठी, ती फक्त आपली की सगळ्यांची?
- वरच्या टाकीत चढवायची मोटार कोण चालू करतं, तिचं बिल कोणाच्या मीटरवर?
- बोरिंग आहे का, मे महिन्यात ते चालतं का, पाणी खारं आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मालकाला न विचारता बाथरूमच्या नळावर बघा. पांढरा थर साचला असेल तर क्षार जास्त आहेत. ते पाणी वापरायला ठीक, प्यायला जार किंवा फिल्टर लागणार. तो खर्च भाड्यात धरा. आणि जमलं तर घर पाणी येण्याच्या वेळेला एकदा बघा. त्या अर्ध्या तासात शेजारी कसे आहेत तेही कळतं.

पावसाळ्याचं मात्र दिसणार नाही, विचारावंच लागेल. शहराच्या कडेच्या नव्या कॉलन्या काळ्या मातीवर उभ्या आहेत. उन्हाळ्यात ती माती फाटते, पावसात फुगते, आणि पाया नीट नसेल तर भिंतींना तिरके तडे जातात. केसासारखे तडे चालतात, बोट जाईल असे नाही. त्याहून महत्त्वाचं, आतला रस्ता डांबरी किंवा काँक्रीटचा आहे का? कच्चा असेल तर जुलैमध्ये रिक्षावाला कोपऱ्यावरच उतरवतो आणि १०८ची रुग्णवाहिकाही दारापर्यंत येताना अडखळते. शेजारच्या घरात विचारा, ‘मागच्या पावसात गाडी आत येत होती का?’ पटकन उत्तर मिळतं.

संडास, उंबरे, गच्ची

संडास-बाथरूम आधी, हॉल नंतर. कमोड आहे का. नसेल तर मालक बसवून देईल का, की आपण आपल्या खर्चाने बसवायचा आणि जाताना तसाच सोडायचा? फरशी गुळगुळीत चकचकीत असेल तर ओल्या पायाने घसरण नक्की. खरखरीत टाइल असावी, नाहीतर रबरी मॅट. कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत धरायची दांडी बसवायला भोक पाडावं लागतं, त्याची परवानगी लेखी घ्या. बाथरूमच्या दाराची रुंदी टेपने मोजा. जुन्या घरांत ही दारं इतकी अरुंद असतात की वॉकर आडवा करावा लागतो आणि चाकाची खुर्ची जातच नाही. आज गरज नसली तरी दोन वर्षांनी लागू शकते.

संडास झोपायच्या खोलीपासून किती पावलं आहे? रात्री दोनदा उठणाऱ्या माणसासाठी हा प्रश्न हॉलच्या आकाराहून मोठा आहे. मागच्या अंगणातला संडास असलेली जुनी घरं कितीही ऐसपैस असली तरी सोडून द्या.

उंबरे मोजा. दारात, बाथरूमला, ओट्यावर, मागच्या दाराला. सहा इंचांचा उंबरा तरुणाला दिसतच नाही.

मग आईला किंवा मावशींना स्वयंपाकघर दाखवा, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नका. आपल्याकडे वर्षाचा गहू आणि दादर ज्वारी भरून ठेवायची पद्धत अजून गेलेली नाही. कोठी कुठे ठेवणार? एका खोलीच्या घरात ती पलंगाशेजारी येते. उन्हाळ्यात पापड, कुरडया, बिबडे घालायचे तर गच्ची हवी. तळमजल्यावर राहणाऱ्याला गच्ची वापरू देतात का, हे साधं वाटणारं बोलणं आधीच झालेलं बरं. श्रावणात घरी कानबाई देवी बसत असेल तर त्या दिवशी भाऊबंद घरी येणार, रोटांचा नैवेद्य होणार. हेही मालकाला आधी सांगावं. नंतर तोंड वाईट होत नाही.

स्वस्त म्हणजे नेमकं किती

एक उदाहरण मांडून बघू. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या भागातले तुम्ही घाला. समजा, तिसऱ्या मजल्यावरचा बिनलिफ्टचा फ्लॅट ५,५०० रुपयांना आणि तळमजल्याचं रो हाऊस ७,५०० रुपयांना मिळतंय. वरकरणी २,००० रुपये वाचतात. पण वरच्या घरात किराणा वर आणून देणाऱ्याला, पाण्याचा जार चढवणाऱ्याला, सिलिंडरवाल्याला वेगळे पैसे. गुडघ्यांमुळे बँकेपर्यंत चालत जाणं बंद, म्हणजे स्पेशल रिक्षा. स्लॅब तापतो म्हणून दोन कूलर. हे सगळं धरलं की ते २,००० रुपये महिन्याच्या अखेरीला कुठे गेले ते कळत नाही, आणि माणूस घराबाहेर पडायचा थांबतो ते वेगळंच.

विजेचा हिशेब नीट समजून घ्या. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिटं स्वस्त असतात, त्यापुढे १०१ ते ३०० आणि त्याहून वर दर चढत जातो. २०० वॅटचा कूलर दिवसाचे १५ तास चालला तर एकटाच महिन्याला ९० युनिटं घेतो. आता मालकाचं आणि तुमचं मीटर एकच असेल तर दोघांची युनिटं मिळून वरच्या टप्प्यात जातात आणि तुमच्या स्वस्त १०० युनिटांचा फायदा बुडतो. वर सबमीटर लावून मालक स्वतःच्या मनाचा दर लावतो. म्हणून स्वतंत्र मीटर असलेल्या घराला दोन-चारशे रुपये जास्त द्यावे लागले तरी द्या. बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक घेऊन जुनी थकबाकी आहे का तेही आधी बघून घ्या.

सोसायटीत घर असेल तर मेंटेनन्स भाड्यात की वेगळा? सहकारी सोसायटी मालकाकडून भाडेकरू ठेवल्याबद्दल ना-वापर शुल्क घेते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. कोणी तुम्हाला ‘सोसायटी भाडेकरूंकडून डबल घेते’ असं सांगितलं तर पावती मागा.

शहर बसच्या भरवशावर घर घेऊ नका. ठरलेल्या रस्त्यांवर शेअर रिक्षा चालतात. घर त्या रस्त्यापासून पाच मिनिटांत असावं. गावाकडे येण्या-जाण्याचा खर्च मात्र हलका आहे: एसटीत ७५ वर्षांवरच्यांना मोफत, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आणि बायकांना कुठल्याही वयात अर्धं. म्हणून बसस्टँडही फार लांब नको.

मालकाशी बोलताना

आपल्याकडे पहिला प्रश्न ‘गाव कोणतं?’ आणि दुसरा आडनावाचा. काही जण नुसतं नातं जुळतं का ते बघत असतात. काही जण दुसऱ्याच कारणाने विचारतात, आणि ‘घर गेलं हो कालच’ म्हणून दार लावतात. मला ही पद्धत आवडत नाही, पण तिथे वाद घालून घर मिळत नाही. पुढच्या गल्लीत जा. खाण्यापिण्याचं मात्र आपणहून स्पष्ट सांगा. घरात मटण शिजत असेल तर शाकाहारी मालकाकडे राहून वर्षभर लपवाछपवी करण्यात सुख नाही.

म्हाताऱ्या भाडेकरूंबद्दल मालकाच्या मनात दोन भीती असतात. आजारी पडले तर धावपळ कोण करणार, आणि मुदत संपल्यावर घर सोडतील का. दोन्ही आपणच बोलून टाका. मुलाचा किंवा पुतण्याचा फोन नंबर द्या, शक्य असेल तर त्याला एकदा समोर आणा, भाडं दर महिन्याला बँकेतून जमा होईल असं सांगा. मग भाडं कमी करायचा विषय काढा. ‘तीन वर्षं राहू, दर वर्षी ५ टक्के वाढवू’ असं म्हटलं की बहुतेक मालक ऐकतात, कारण दर अकरा महिन्यांनी नवा भाडेकरू, रंगरंगोटी आणि दलाली त्यांनाही नको असते. डिपॉझिट दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकं असावं. मोठी रक्कम घेऊन बिनभाड्याने घर देतो म्हणणाऱ्यांच्या वाटेला निवृत्तीचे पैसे लावू नका. त्या घरावर बँकेचं कर्ज थकलं असेल तर तुमची रक्कम अडकते.

करार: नोटरीवर थांबू नका

इकडे सर्रास स्टॅम्प पेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारतात आणि करार झाला म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा) करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. हे मालकाला शांतपणे सांगितलं की तोच नोंदणीला तयार होतो.

खर्च घाबरण्यासारखा नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या वार्षिक १० टक्के व्याजावर मिळून ०.२५ टक्के. महिना ७,००० रुपये, अकरा महिने आणि डिपॉझिट २५,००० असेल तर हा हिशेब २०० रुपयांच्या आसपास जातो. नोंदणी फी शहरात १,००० रुपये आणि ग्रामपंचायत हद्दीत ५००. कडेच्या काही कॉलन्या अजून ग्रामपंचायतीतच आहेत. याशिवाय घरी बोटांच्या ठशांचं मशीन घेऊन येणाऱ्या माणसाची मजुरी. कोण किती देणार ते ठरवा. निम्मं-निम्मं ही बरी पद्धत.

नोंदणी ऑनलाइन होते, आधारच्या बोटांच्या ठशावर. मालक पुण्यात असला तरी दोघांनी एकाच वेळी एका जागी हजर राहायची गरज नसते, म्हणून बंद बंगल्याच्या मालकांसोबतही हे जमतं. अडचण येते ती ठशांची. आयुष्यभर शेतात राबलेल्या हातांचे ठसे मशीनला सापडत नाहीत. करार करायच्या पंधरा दिवस आधी आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे नव्याने नोंदवून घ्या. तरी नाही जमलं तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन नोंदणी करता येते.

मालकाचा भाऊ किंवा मेहुणा सही करत असेल तर त्याच्याकडे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र आहे का बघा. मालकी पडताळायला इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), घरपट्टीची पावती आणि वीजबिल, तिन्हींवर एकच नाव आहे का ते जुळवा.

करारात पुढच्या गोष्टी असायलाच हव्यात. बाकीची छापील पानं असतातच.

- नवरा-बायको दोघांची नावं भाडेकरू म्हणून. एकाच्या नावावर करार असेल आणि त्याचं काही बरंवाईट झालं तर मागे राहिलेल्या माणसाला घर आणि डिपॉझिट या दोन्हींसाठी दारोदार फिरावं लागतं. भाडं मुलगा भरत असला तरी करार आई-वडिलांच्याच नावे. पत्त्याचा पुरावाही त्यांनाच लागतो.
- आजारपणामुळे घर सोडावं लागलं तर एक महिन्याच्या सूचनेवर, दंडाशिवाय सोडता येईल.
- कमोड, दांडी, रॅम्प बसवायची परवानगी.
- सांभाळायला मुलगी, नातू किंवा रात्रीची बाई राहिली तर हरकत नाही.
- डिपॉझिट किल्ली दिल्याच्या दिवशीच, बँक खात्यात.

मुदत संपायच्या महिनाभर आधी नूतनीकरणाचं बोला. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर तसंच राहिलात तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाड्याइतकी भरपाई मागता येते. मालक चांगला असेल, पण उद्या त्याची मुलं व्यवहार बघतील.

भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात द्यायची असते. ते मालकाने करायचं, पण फोटो आणि आधारची प्रत तुम्ही तयार ठेवा म्हणजे टाळाटाळ होत नाही.

राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात

मीटरच्या आकड्याचा, तड्यांचा, नळांचा, ओल आलेल्या कोपऱ्यांचा तारखेसकट फोटो काढून मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. सोडताना डिपॉझिटातून कापाकापी होते ती याच गोष्टींवरून.

गॅस एजन्सी जवळची करून घ्या. आधारवरचा पत्ता नोंदणीकृत करारावर बदलता येतो. रेशन कार्ड बदलायचं की गावाचंच ठेवायचं, हे तुम्ही किती दिवस इथे राहणार त्यावर ठरवा, घाई नको. वय ७० झालं असेल आणि आयुष्मानचं कार्ड अजून काढलं नसेल तर याच धावपळीत काढून टाका. त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत आणि उत्पन्नाची अट नाही. जवळचा कोणता दवाखाना ते कार्ड घेतो, हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा. पेन्शनची बँक गावातच असेल तर खातं हलवायची गरज नाही. नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’ या ऑनलाइन सोयीवरून इथूनही देता येतो.

मेडिकलवाल्याकडे नेहमीच्या औषधांची यादी आणि घरचा पत्ता लिहून ठेवा, बहुतेक जण घरपोच देतात. शेजारच्या दोन घरांना एक जादा किल्ली आणि मुलाचा नंबर द्या. फाटकावर आडनाव आणि घर नंबर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या, आणि १०८ला फोन केल्यावर सांगायची खूण आजीकडून पाठ करून घ्या: कोणतं मंदिर, कोणती पाण्याची टाकी, तिथून डावीकडे की उजवीकडे. नव्या कॉलन्यांत सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसतात आणि मोबाइलचा नकाशा बऱ्याचदा मागच्या गल्लीत नेऊन सोडतो.